फुटाणे उरले तर नाटक पास

नाटक चांगलं की वाईट, हे मी उभी हयात नाटक न बघता सांगत आलो. तेही भोंग्यावर, अख्ख्या खामगावाला ऐकू जाईल असं.

माझा धंदाच तो. रिक्षावर पुढं एक भोंगा, मागं एक भोंगा, पायाजवळ बॅटरी आणि तोंडापुढं माईक. माईक मी जाड तार वाकवून हँडलला बांधून टाकला होता, म्हणजे दोन्ही हात रिक्षा चालवायला मोकळे. पुण्या-मुंबईची नाटक कंपनी गावात यायची असली, की सकाळपासून फिरायचं. कापूस बाजार, जिनिंगची गेटं, तेलाच्या गिरण्या, मग जलंब, पिंपळगाव राजा, नांदुऱ्याच्या रस्त्यावरची खेडी. "रसिक मायबाप हो" म्हणून सुरू करायचं आणि घसा बसेपर्यंत थांबायचं नाही. नाटक मी पाहिलेलं नसायचं. कंपनीची बस तेव्हा अकोल्याहून निघालेलीही नसायची. पण मी सांगून मोकळा, सुपरहिट! तुफान रिस्पॉन्स! मास्टरपीस!

मास्टरपीस म्हणजे काय, असं एकदा पिंपळगावच्या एका म्हाताऱ्यानं रिक्षा अडवून विचारलं. मी म्हटलं, "याच्यापेक्षा चांगलं येणार नाही, असं." तो म्हणाला, "मागच्या महिन्यातबी हेच सांगून गेल्ता बे तू."

आता ही गोष्ट मी लिहायला बसलो त्याचं कारण सांगतो. माझी बायको गोकर्णा मागच्या वर्षी पोळ्याच्या आधी वारली. त्यानंतर मी माईक धरला नाही. भोंगे काढून पलंगाखाली सरकवले. या वर्षी गणपतीच्या आधी इथल्या हौशी मंडळाची पोरं-पोट्टी दारात येऊन बसली. काका, आमच्या नाटकाची रिक्षा तुम्हीच फिरवा. मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं, म्हातारा दुःखात आहे. दुःखात तर होतोच, पण खरी अडचण धंद्याची होती. नाटक पास करणारी बाईच राहिली नव्हती, आणि तिनं पास केल्याशिवाय मंडळाच्या नाटकाचा भोंगा मी कधी वाजवला नव्हता. फिरवू तर कोणाच्या भरवशावर फिरवू?

ही अडचण समजायची तर आधी फुटाण्यांचा डब्बा समजून घ्या.

नाटकाचा ठेका घेणारे दादारावजी मला दर प्रयोगाला दोन पास द्यायचे. मी आत जायचो नाही. बॅटरी आणि भोंगे बाहेर टाकून कोण आत जातो? खामगावात चालत्या बैलाची घंटी काढून नेतात. मी रिक्षात पाय मुडपून पडायचो आणि गोकर्णा आत जायची. तिच्याबरोबर एक स्टीलचा डब्बा. झाकणाला पोचा होता, त्यामुळं ते घट्ट बसायचं आणि उघडताना 'टक्' वाजायचं. त्यात फुटाणे. एका पासवर ती बसायची आणि शेजारच्या खुर्चीवर, दुसऱ्या पासवर, डब्बा बसायचा.

कोणी म्हटलं, "बाई, डब्बा उचला, बसू द्या," तर तिचं ठरलेलं उत्तर होतं. "ही जागा आमच्या घरच्यांची हाये. ते येऊन राह्यले."

मी काही येऊन राह्यलेलो नसायचो. तिलाही माहीत होतं. पण खुर्ची तिनं कधी सोडली नाही. एका तहसीलदारालाही तिनं डब्ब्याच्या पलीकडं बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाकरी थापायला बसली की मी डब्बा हलवून बघायचो. डब्बा भरलेला असला तर नाटक एक नंबर. खायचं भानच राहिलं नाही. अर्धा असला तर बरं होतं, पण मध्ये रेंगाळलं. रिकामा असला तर पडलं. आणि रिकामा असून वर शेजारणीचेही फुटाणे मागून खाल्ले असले, तर कंपनीनं पुन्हा खामगावला येऊ नये.

"कसं होतं व?" मी तरी विचारायचो.

"डब्बा पाहा ना. मले काय विचारता?"

दादारावजी शिकलेले. त्यांच्याजवळ सगळ्याला इंग्रजी शब्द होते. रिस्पॉन्स, परफॉर्मन्स, टायमिंग, ओव्हरॲक्टिंग. पेपरात रिव्ह्यू आला की दुकानासमोर उभे राहून मोठ्यानं वाचायचे. मी ते शब्द गोकर्णाकडं घेऊन यायचो आणि ती मला त्याचा अर्थ फुटाण्यात सांगायची. ओव्हरॲक्टिंग म्हणजे? "नट इतका ओरडते, का फुटाणा चावल्याचा आवाज आपल्याले येत नाई." टायमिंग? "मूठ तोंडाकडं नेली आन् तेवढ्यात असं काही बोलला, का मूठ तशीच राह्यली." क्लायमॅक्स? "झाकण लावून टाकलं." मी पुष्कळ लोकांना विचारून पाहिलं. याच्याहून सोपं करून मला अजून कोणी सांगितलं नाही.

या हिशेबात एक माणूस उलटा होता. सलीमभाई फुटाणेवाला. थेटराच्या गेटाशी त्याची गाडी, वर लहानशी भट्टी, हातात झारा. माझा बालपणचा दोस्त. नाटक रंगलं की त्याचं दिवाळं आणि पडलं की दिवाळी. आतून टाळ्या ऐकू आल्या की त्याचं तोंड उतरायचं. मी रिक्षातून म्हणायचो, "काऊन बे, रडून काऊन राह्यला?"

"हिट हाये लेका नाटक. इंटरव्हलले फक्त लघवीले आले लोक. कोणी गाडीकडं पाह्यलंबी नाई."

आणि एखादं नाटक असं पडायचं, की इंटरव्हलच्या आधीच लोक सटकून गाडीभोवती जमायचे. मग सलीमभाई मला फुकट पुडी आणून द्यायचा आणि म्हणायचा, "भाऊ, ह्या नाटककाराले सांग, अजून लिही."

आता धंद्यातल्या चुका सांगतो. सगळ्यात मोठी चूक 'हाउसफुल' या शब्दानं केली. एका प्रयोगाची तिकिटं उठत नव्हती. दादारावजींना कोणी तरी सांगितलं, मुंबईत हाउसफुलचा बोर्ड लावला की लोक जास्त तुटून पडतात. सकाळी त्यांनी मला हुकूम केला, आज सुरुवातीपासूनच हाउसफुल सांगत फिर. मी म्हटलं, "दादारावजी, एक तिकीट गेलं नाही."

"तुले काय करायचं? मानसशास्त्र असते ते."

मी काय, मालकाचा शब्द. दिवसभर फिरलो. "हाउसफुल! हाउसफुल! आजचा प्रयोग हाउसफुल!" लोक घराबाहेर यायचे, ऐकायचे, पुन्हा आत जायचे. जलंबला एक जण बैलगाडी जुंपून तयारच होता, बायको-पोरं आत बसलेली. माझं ऐकलं आणि त्यानं बैल सोडले. मला म्हणाला, "हाउसफुल हाये म्हनता, मंग सांगाले काऊन आले? जखमेवर मीठ चोळाले?"

संध्याकाळी थेटरात माणसं कमी आणि खुर्च्या जास्त. नाटकातल्या हिरोनं पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि विचारलं, "लोक यायचेत का?" दादारावजी म्हणाले, "हाउसफुल आहे, साहेब." आता बोला. हिरो पुन्हा फटीतून पाहायला लागला. सलीमभाईनं तेव्हापासून मला 'हाउसफुल' अशीच हाक मारायला सुरुवात केली. आजही मारतो.

दुसरा शब्द, स्टँडिंग ओव्हेशन. नाटक संपल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, ते. हे आमच्याकडं दर नाटकाला होतं. कारण थेटराच्या सायकल-स्कूटर स्टँडाला जायला एकच अरुंद बोळ. नाटक संपून पडदा पडेपर्यंत जो बसून राहील, त्याची स्कूटर सगळ्यात शेवटी निघेल. म्हणून शेवटचा प्रवेश सुरू झाला, की अख्खं खामगाव उभं. उभ्यानंच बघायचं, एक पाय बोळाकडं, आणि उभंच आहोत तर टाळ्याही वाजवून घ्यायच्या. मुंबईच्या एका मोठ्या नटाला हे पाहून भरून आलं. तो पुढं येऊन हात जोडून म्हणाला, मी महाराष्ट्रभर फिरलो, पण खामगावसारखा ऑडियन्स पाहिला नाही. हे तो म्हणेपर्यंत अर्धं खामगाव किक मारत होतं.

सकाळी मी गोकर्णाला विचारलं, "रडला म्हणे तो?"

"हाव. लय रडला. मले तं वाईट वाटलं बापा. मी एकटीच बसून होती त्याच्यापाशी."

डब्बा रिकामा होता. पण नट रडत असताना उठून जाणं तिच्यात बसत नव्हतं.

आता तिनं माईक धरला तो दिवस. मंडळाची पोट्टी अजून ती गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगायला लावतात.

खुनाचं नाटक होतं. सस्पेन्स. दादारावजींनी ठेका मोठा घेतला होता आणि मला बजावलं होतं, हे पडलं तर पुढच्या खेपेला रिक्षा दुसऱ्याची. आणि नेमका त्याच सकाळी माझा घसा गेला. नुसता बसला नाही, गेलाच. तोंड उघडलं की सायकलच्या नळीतून हवा जावी तसा आवाज. हळद-दूध झालं, गुळण्या झाल्या, काही नाही. गोकर्णा आदल्या दिवशीच अकोल्याहून बहिणीकडून आली होती. माझी तगमग बघत होती. मग तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "तुमी रिक्षा चालवा. मी बोलते. त्यात काय एवढं?"

मी हातानं विचारलं, काय बोलशील?

"तेच नाटक अकोल्याले पाह्यलं ना मी, बहिणीसंगं. पाहून बोलीन. तुमच्यासारखं न पाहता नाई."

माईक तारेतून सोडवून मागं दिला. कापूस बाजारात पोचलो. गर्दी होती. तिनं माईकवर दोनदा फुंकर मारली आणि सुरू झाली. शब्द माझ्या अजून कानात आहेत.

"आयका व बायांनो, बाप्यांनीबी आयका. आज नाटक हाये, संध्याकाळी. मी पाह्यलं. पहिला भाग लांबवला हाये, झोप येते. सासूचं काम करनारी बाई उगाच ओरडते, तिच्या वक्ताले कानात बोटं घाला. पन दुसऱ्या भागात खून होते, तो पाह्यासारखा हाये."

मी मान हलवली. चाललं होतं.

"खून धाकट्या दिरानं केला हाये."

मी ब्रेक मारला. रिक्षा आडवी झाली. मागं वळून दोन्ही हात जोडले, ओठांवर बोट ठेवलं, कपाळ बडवलं. आवाज तर नव्हताच.

"हातवारे काय करता? रस्त्याकडं पाहा," ती मला माईकवरूनच म्हणाली. बाजार हसला. "हाव, तं दिरानं केला. तो असा गरीब गाय दाखवला हाये, वहिनीले पानी आनून देते, पायावर डोकं ठेवते. पन तुमी त्याच्या डोळ्याकडं पाहा. मी तं पहिल्या झटक्यात वळखलं. तुमाले वळखू येते का, पाहून घ्या."

तोपर्यंत कोणी तरी दादारावजींना कळवलं होतं. जिनिंगच्या गेटाशी ते स्कूटर आडवी घालून उभे. डोळे लाल.

"सस्पेन्स! अरे, सस्पेन्सचं नाटक हाये ते! खुनी कोण हे सांगतात का कुठं?"

गोकर्णा शांत. "मंग काय खोटं सांगू? सासूनं केला म्हनू? ती बिचारी नुसती ओरडते."

"अहो, आता कोण येईल नाटकाला?"

"न यायले काय झालं? कीर्तनात रावण मरते हे ठाऊक असते ना समद्यायले? तरी जातेच ना लोक?"

दादारावजी माझ्याकडं वळले, तू तरी सांग हिला म्हणाले. मला उत्तर सुचलं असतं तरी बोलता आलं नसतं. मी रिक्षा काढली. म्हटलं, धंदा बुडालाच आहे, तर पुरा फिरवून बुडवू.

संध्याकाळी काय झालं ते मी रिक्षात बसून ऐकलं. हिवरा आश्रमाच्या पंगतीला लोटावी तशी गर्दी लोटली. बायांनी दिराला पाहायला नुसती धाव घेतली. पडदा उघडला. धाकट्या दिराची एन्ट्री झाली, हातात पाण्याचा तांब्या, आणि सगळं थेटर एका आवाजात ओरडलं, "आला, आला!" नट बिचकला. वहिनीनं त्याच्याकडं पाठ केली की बाया खुर्चीवरून अर्ध्या उठायच्या, "बाई, पाठ नको करू! तो पानी नको पिऊ!" वहिनीचं काम करणारी नटी इतकी घाबरली, की तिनं खरोखरच पाणी प्यायलं नाही आणि पुढचा सगळा प्रवेश बदलून करावा लागला म्हणतात. पण लोकांचं लक्ष एकदाही हललं नाही. सलीमभाईच्या गाडीवर एक गिऱ्हाईक आलं, तेही सुट्टे मागायला.

"हाउसफुल," तो मला म्हणाला, "भाभीले घरी बसव बे. माझी भट्टी विझवते ती."

सकाळी डब्बा हलवला. गच्च भरलेला. दुसऱ्यांदा पाहत होती तरीही. माझी रिक्षा राहिली. दादारावजींनी तिला काही इनाम दिलं नाही, पण तिसरा पास द्यायला लागले. ती म्हणाली, तिसरा काय करायचा, डब्बा एकच आहे.

त्या दिवसानंतर हौशी मंडळाच्या तेव्हाच्या पोट्ट्यांनी एक रीत पाडली. बाहेरची कंपनी आधी पाहायला मिळत नाही, पण आपलं नाटक तर इथंच, शाळेच्या हॉलमध्ये तालीम होते. रिक्षा फिरण्याआधी रविवारी दुपारी एक तालीम गोकर्णाकाकूसमोर करायची. काकू डब्बा घेऊन बसणार. जिथं झाकण 'टक्' वाजेल तो डायलॉग कापायचा. काकू काही बोलायची नाही. नुसती 'टक्'. मी मी म्हणणारे नट त्या आवाजाला भ्यायचे. एक वकील होता, राजाचं काम करायचा, मोठमोठी भाषणं. एका दुपारी तीन भाषणांत तीनदा 'टक्' झालं. राजानं मुकुट काढून खुर्चीवर आपटला. "काकू, आधी घरून जेवून येत जा!"

"जेवूनच आली बापा," ती म्हणाली. "तुय्या भाषनानं भूक लागली."

नाटक निम्म्यानं छोटं झालं आणि स्पर्धेत पहिलं आलं. वकील पुढं तिच्या पाया पडायला आला, पण फुटाण्यांचा विषय काढला की अजून उठून जातो.

ती आजारी पडली ते फार दिवस नाही. डॉक्टरनं आजाराचा इंग्रजी शब्द सांगितला. इतके इंग्रजी शब्द पाठ केले मी, तो एक केला नाही. तो काही मला भोंग्यावर सांगायचा नव्हता. सुलतानपूरहून तिचे भाऊ आले, माझ्याकडून चार माणसं, आणि झालं. घरी आलो तर डब्बा फळीवर. हलवून पाहिला. फुटाणे होते. किती होते ते सांगत नाही. मी झाकण उघडलं नाही.

तर या वर्षीचं मंडळ. आता नाटक बसवते ती पल्लवी मॅडम, शाळेत शिकवते, लहानपणी आईच्या मांडीवर बसून नाटकं पाहिलेली. मी नाही म्हटलं तरी ती ओट्यावरून हलेना.

"काका, फीडबॅक कोणाचा घेऊ मग? फेसबुकवर टाकलं तर सगळे 'सुपर' लिहितात. सगळ्यांचं सगळं सुपर. आम्हाला 'टक्' पाहिजे."

"ती बाई गेली, मॅडम."

"डब्बा आहे ना?"

 संध्याकाळी सलीमभाईकडं जाऊन बसलो. गाडी आता त्याचा मुलगा चालवतो, पण भट्टीपाशी हाच असतो. मी म्हटलं, "जाऊन पाहू का बे रविवारी? डब्बा घेऊन?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि जोरात हसला. "तू? आन् फुटाणे? तोंडात दात किती हायेत बे तुह्या? डब्बा भरूनच येईन! कसंबी नाटक असो, पास! ही तं बेइमानी झाली."

बरोबर होतं. बिनदाताच्या माणसासमोर कोणतंही नाटक सुपरहिट. मी उठायला लागलो, तर त्यानं हात धरून बसवलं. मागच्या पोत्यातून मुरमुरे काढले. "हे घेऊन जाय. हे हिरडीलेबी चालते. बरोबरीचा सामना झाला पाह्यजे."

घरी येऊन मी डब्ब्याचं झाकण उघडलं. 'टक्'. जुने फुटाणे वेगळ्या बरणीत काढून ठेवले. त्या बरणीचं पुढं काही करायचं नाही. डब्बा पुसला, मुरमुरे भरले.

रविवारी गेलो. पाऊस होता, झिमझिम. हॉलमध्ये मधोमध दोन खुर्च्या मांडलेल्या. दोनच. मी पल्लवी मॅडमकडं पाहिलं, ती पडद्यामागं निघून गेली. एका खुर्चीवर मी बसलो, एकीवर डब्बा ठेवला. तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं नाटकाचा धंदा करून मी पहिल्यांदा नाटक पाहायला बसलो होतो. कुठं पाहायचं तेही कळेना. कोण बोलतो त्याच्याकडं, की कोण ऐकतो त्याच्याकडं?

पहिल्या अंकात एक पोलीस होता. तो उगाच ओरडत होता. मी झाकण उघडलं. टक्. स्टेजवरचे सगळे जागीच थिजले. पोलिसाचं तोंड उघडंच. मी मूठभर मुरमुरे तोंडात टाकले आणि हातानं खूण केली, चालू द्या. पोलीस पुढं इतक्या हळू बोलायला लागला, की चोरालाही ऐकू गेलं नसेल.

दुसऱ्या अंकात पोलीस नव्हता. एक म्हातारा, एक म्हातारी, एस.टी. स्टँडवर बसलेले. गाडीची वाट बघतात आणि भांडतात. घराला कुलूप लावलं की नाही यावरून. ती म्हणते, तुम्ही लावलं. तो म्हणतो, तू लावलं. किल्ली कोणाकडं? पिशवी उलटीपालटी. लाडूचा डब्बा निघतो, चप्पल निघते, किल्ली निघत नाही. मध्येच गाडी येते आणि भांडणात निघून जाते. ती म्हणते, "बरं झालं गेली. आता घरी जाऊन कुलूप पाहू." तो म्हणतो, "आणि लावलेलं असलं तर?" ती म्हणते, "तर पुन्हा येऊ. घाई कोणाला आहे?"

मला हसू आलं. असं हसू आलं की पोट धरलं. आम्ही मेहकरच्या स्टँडवर हेच केलं होतं, अगदी हेच, फक्त आमच्या पिशवीत कोंबडी होती. मी हसता हसता डब्बा उचलला, डोळे स्टेजवरच, आणि शेजारच्या खुर्चीपुढं धरला. म्हटलं, "घे व. पाह्य, कशी आपल्यासारखी—"

खुर्ची रिकामी होती.

मी डब्बा तसाच धरून बसलो. स्टेजवर ती दोघं भांडतच होती, त्यांनी थांबवलं नाही, हे त्यांचं चांगलं. नाटक संपलं. पल्लवी मॅडम पायऱ्या उतरून आली. डब्ब्यात डोकावली.

"काका, भरलेला आहे! पास?"

मी मुरमुरे हातात घेऊन दाखवले. झाकण पहिल्या अंकापासून उघडं, बाहेर पावसाळी हवा. मुरमुरे सादळून पार चामड्यासारखे झाले होते. "हे पाहा," म्हटलं. "खायचं भानच राह्यलं नाई. एवढा वेळ मले ती गेली हेच ठाऊक नव्हतं." मग रडलो. लपवायचं काय त्यात? पोलिसाचं काम करणारा पोट्टा पाणी घेऊन आला, आणि घाबरून कुजबुजला, "काका, माझा डायलॉग कापायचा का?"

"हाव," मी म्हटलं.

भोंगे पलंगाखालून काढले. एकात पाल होती. तिला बाहेर काढलं, बॅटरी भरून आणली, माईक तारेला बांधला. प्रयोगाच्या दिवशी सकाळी कापूस बाजारात रिक्षा उभी केली. 'सुपरहिट' ओठांवर आलंच होतं, जुनी सवय. गिळलं. म्हटलं:

"आयका हो. आपल्या गावच्या पोरायचं नाटक हाये. म्या पाह्यलं. पहिल्या भागात पोलीस ओरडत होता, त्याले गप केलं. दुसऱ्या भागात म्हातारा-म्हातारी भांडतात, बाकी काही होत नाही. कुलूप लावलेलं होतं का नव्हतं, हे शेवटपर्यंत समजत नाही. पन या. आन् येतांना फुटाणे आनू नका. वाया जातात."

मागून झारा उंच धरून सलीमभाई धावत आला. या वयात. "ए हाउसफुल! काऊन बे, माझ्या पोटावर पाय देऊन राह्यला?"

संध्याकाळी त्याला खरंच काही काम उरलं नाही. मग तोच माझ्या रिक्षात पाय मुडपून बसला. "जाय," म्हणाला, "बॅटरी मी पाहतो. चोरानं नेली तं मलेबी घेऊन जाईन."

मी दोन पास घेऊन आत गेलो. डब्बा बरोबर होता. रिकामाच नेला होता, धुऊन. माझ्या शेजारच्या खुर्चीवर ठेवला. गर्दी वाढली. एक गडी घामाघूम होत रांगेत शिरला, डब्बा पाहिला आणि म्हणाला, "काका, डब्बा उचलता का? बसू द्या."

"ही जागा आमच्या घरच्यांची हाये," मी म्हटलं.

तो उभाच. "मंग येऊन राह्यल्या का त्या?"

"तुमी खाली बसा बापू, मागच्यायले दिसत नाई," म्हटलं. "पडदा उघडून राह्यला."